दोन कॅमेऱ्यांस आज्ञापालन शिकविल्याचा वृत्तान्त

सोमवार, २ फेब्रुवारी

स्वस्ति. अंधारखोलीचे एकछत्री अधिपती, रक्तदीपप्रभाकर, विकासकद्रावणविशारद, त्रिपादस्थैर्याचार्य, धूलिकणकुलान्तक, वस्तुसंग्रहालयाच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख, उपप्रमुख, लिपिक, शिपाई आणि रजेच्या दिवशी समस्त अनुपस्थित कर्मचारिवृन्द, यांची ही खासगी दैनंदिनी आज दुपारच्या चहानंतर आरंभिली जात आहे. उपरिनिर्दिष्ट सर्व पदे एकाच देहात बिऱ्हाड करून राहतात आणि त्या देहाचा डावा गुडघा दुखतो.

निमित्त असे. आमच्या संग्रहालयाला जोडून एक ग्रंथालय आहे आणि त्याचा ग्रंथपाल हा माझा मित्र आहे. मी त्याला महर्षी म्हणतो, कारण तो पुस्तके वाचत नाही, केवळ त्यांच्याविषयी चिंतन करतो. तो मला राजे म्हणतो, कारण माझ्या राज्यात प्रजा नाही. आम्ही एकाच वर्षी नोकरीस लागलो आणि तेव्हापासून दुपारचा चहा माझ्या अंधारखोलीत घेतो. फिल्म धुण्याचे दिवस सरले तरी खोली उरली. दारावरचा लाल दिवा लावला की आत काहीतरी गहन चालले आहे असे समजून संचालकसुद्धा बाहेरूनच परततात.

आज महर्षी म्हणाला, "राजे, जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा होत चाललाय. पान उलटलं की कोपरा हातात येतो. सगळ्यांची चित्रं घेऊन ठेवायला हवीत."

"घेतो की. एकेक पान."

"एकेक घेत बसलास तर तू संपशील, पानं नाही संपणार. तुझ्याकडे ते दोन छोटे कॅमेरे पडलेत ना, एकसारखे?"

पडले आहेत. त्याची कल्पना अशी: लाकडाची एक घडवंची, तिच्यात बांधीव खंड अर्धवट उघडून ठेवायचा, वरून काच, डाव्या पानासमोर एक कॅमेरा, उजव्यासमोर दुसरा आणि दोघांनी एकाच क्षणी चित्र घ्यायचे. हात पाने उलटण्यात गुंतलेले, म्हणून आज्ञा पायाने द्यायची. कल्पना उत्तम होती. मला न सुचल्यामुळे ती काहीशी उद्धटही वाटली.

अडचण एकच. या कॅमेऱ्यांना दुरून आज्ञा ऐकण्याचे इंद्रिय नाही. कॉम्प्युटरला जोडण्याचे यूएसबीचे छिद्र तेवढे आहे. त्या छिद्राचा कान करावा लागेल. त्यासाठी कॅमेऱ्याचे वागणे ठरविणारा त्याच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्याच्या कारभारात हस्तक्षेप करणे आले.

"जमेल?" महर्षीने विचारले.

"हा प्रश्न तू कोणाला विचारतो आहेस?"

"तुलाच. दुसरं आहे कोण इथे?"

जाताना त्याने दोन्ही कप स्वतः विसळले. आमच्या मैत्रीच्या इतिहासातील ही अपूर्व घटना म्हणून नोंदवून ठेवतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कॅमेरा हा स्वभावतः संशयी प्राणी आहे. त्याच्या यूएसबीच्या छिद्रात विजेचा किंचित दाब जाणवला की त्यास वाटते, कॉम्प्युटर आला, आता हा आपली चित्रे मागणार. नावडता पाहुणा फाटकाशी दिसताच घरातले दिवे मालवावेत, तसा तो तत्काळ भिंग आत ओढतो आणि पडदा काळा करतो. मला त्याच दाबाचा अर्थ "चित्र घे" असा शिकवायचा आहे.

मूळ फर्मवेअर खरवडण्याचे पातक मी करणार नाही; त्यात चूक झाली तर कॅमेऱ्याचा कायमचा दगड होतो. जगभरच्या काही निरुद्योगी, म्हणजेच विद्वान, मंडळींनी एक पूरक प्रोग्रॅम लिहून सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो मेमरी कार्डावर राहतो, कॅमेरा सुरू होताना मूळ प्रोग्रॅमच्या खांद्यावर चढून बसतो आणि कॅमेरा बंद होताच नाहीसा होतो. मात्र माझ्या जातीच्या कॅमेऱ्यासाठी तो अपुरा आहे. "छिद्रात वीज आली" ही वार्ता कॅमेरा आपल्या स्मृतीत नेमकी कोठे टिपतो, ते स्थान मला हुडकायचे आहे.

आणखी एक मौज. कार्डाच्या कडेस एक इवलासा खटका असतो. तो खाली सरकविला की कार्ड कुलूपबंद होते. कुलूप लावलेले असेल तरच हा कॅमेरा आमचा प्रोग्रॅम उचलतो, आणि तो चढला की कुलूप असूनही चित्रे कार्डावर टिपली जातात. उघडे ठेवले तर तो आपल्या जन्मजात संशयी वृत्तीवर जातो.

पायाखाली बसवायला एक बटण हवे होते. आमच्या दाराच्या घंटेचे काढून नेले. संध्याकाळी गृहस्वामिनींनी प्रश्न केला, "घंटेला काय झालं?"

"तिची ज्ञानकार्यासाठी नियुक्ती झाली आहे."

"आणि दारावर आलेल्याने काय करायचं?"

"हाक मारावी. माणसांनी एकमेकांना हाका मारणे अलीकडे कमी झाले आहे."

"तुम्हाला हाक मारून कोण ओ देतंय?" असे म्हणून त्या आत गेल्या. संवाद येथे संपला असे मी समजतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

विजय. ते स्थान सापडले.

पूरक प्रोग्रॅम आता त्या स्थानावर पहारा ठेवतो आणि वीज आल्याची वार्ता मूळ प्रोग्रॅमच्या कानी पडण्याआधीच ती हस्तगत करतो. पेन्सिल सेलचा एक डबा, दोन तारा कापलेली यूएसबीची केबल आणि आमची घंटा. बटण दाबले की वीज जाते, कॅमेरा नजर स्थिर करतो. पाय उचलला की वीज तुटते आणि त्या क्षणी चित्र निघते. म्हणजे आज्ञा दाबण्यात नसून सोडण्यात आहे. ही गोष्ट मी महर्षीला समजावून सांगितली तेव्हा त्याने मान हलविली, आणि महर्षी मान हलवितो तेव्हा त्याला काही कळलेले नसते.

मग त्याने विचारले, "हे कुणालाही जमेल ना?"

"कुणालाही म्हणजे?"

"म्हणजे समज, तू त्या दिवशी नाहीयेस. रजेवर आहेस. तरी चालेल ना?"

"उत्तम यंत्राचे लक्षणच हे की त्याला कर्त्याची गरज उरू नये."

"वा," तो म्हणाला. "हे संचालकांना सांगायला हवं."

माझी उक्ती संचालकांच्या कानी घालण्याची त्याची तळमळ पाहून मला भरून आले. स्वतःच्या कामाचा डांगोरा मला कधी पिटता आला नाही. ते काम परस्पर करणारा मित्र सर्वांना लाभत नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दोन कॅमेरे एका आज्ञेत आणणे हे दोन सासूंना एका स्वयंपाकघरात नांदविण्याहून अवघड आहे. डाव्याची नजर चटकन स्थिर होते, उजवा घोळ घालतो. परिणामी डावे पान स्पष्ट आणि उजवे धुक्यात. शेवटी दोघांनाही एकाच अंतरावर नजर रोखून ठेवण्याची सक्त ताकीद प्रोग्रॅममध्येच दिली. पुस्तक काही चालत येऊन जवळ-दूर होत नाही. आता दोन्ही एकत्र असे मिटतात-उघडतात की दोन नसून एकच खट असा आवाज होतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी विनाकारण बराच वेळ पाय दाबत-सोडत बसलो, हे येथे खासगीत नमूद करतो.

दुपारी महर्षी मोजपट्टी घेऊन आला आणि त्याने अंधारखोली मोजली. लांबी, रुंदी, आणि धुण्याच्या हौदापासून दारापर्यंतचे अंतर.

"घडवंचीला एवढी जागा कशाला?" मी विचारले.

"असू दे, माहिती असलेली बरी," तो म्हणाला. "हा हौद काढता येतो का रे?"

"येतो, पण का काढावा?"

"नाही, सहज."

यंत्रास प्रशस्त जागा मिळावी म्हणून हा माणूस माझ्याहून पुढचा विचार करतो. घरी हे कौतुकाने सांगितले.

गृहस्वामिनी भाजी चिरता चिरता थांबल्या. "घडवंची केवढी आहे?"

"जेवणाच्या टेबलाएवढी."

"मग भावोजींनी हौद कशाला मोजला?"

गृहिणींच्या ठायी संशयवृत्ती उपजत असते. कॅमेऱ्याप्रमाणेच. तिच्यासाठी पूरक प्रोग्रॅम अद्याप कोणी लिहिलेला नाही. असे मी म्हणालो, आणि पुढील वाढप माझे मी करून घेतले.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कॅमेरा सुरू होताना पडद्यावर क्षणभर काही अक्षरे उमटविता येतात. मी "छायाचित्र विभाग" अशी उमटविली होती. आरंभीच्या मसुद्यात "विरचित" हा शब्दही होता, तो संकोचाने काढला.

महर्षी म्हणाला, "हे जरा बदलशील का? प्रात्यक्षिकाला विश्वस्त येणार आहेत. विभागाचं नाव कशाला उगाच? 'ग्रंथालय' एवढंच ठेव."

"पण केले विभागाने."

"अरे, पुस्तकं कुणाची? ग्रंथालयाची. लोक गोंधळतात."

लोक गोंधळू नयेत म्हणून बदलले. नावाचा लोभ माझ्या ठिकाणी नाही. या दैनंदिनीच्या आरंभी जी बिरुदे आहेत ती केवळ शास्त्रोक्त आहेत.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज ग्रंथालयाच्या साहाय्यिकेला यंत्र शिकविले. तिला सगळे टाचणी म्हणतात. ती किरकोळ अंगाची आहे आणि बोलते ते टोचते. पण मनात काही नसते. महर्षीने तिला धाडले होते.

शिष्या चांगली निघाली. काच उचल, पान उलट, काच ठेव, पाय दाब, पाय सोड. कार्डाचा खटका तिला दाखविला. सुरू होताना पडद्यावर अक्षरे दिसली नाहीत तर समजायचे की आमचा प्रोग्रॅम चढलेला नाही, हेही सांगितले. तिसऱ्या प्रहरी तर तिचा हात असा बसला की मला शेजारी उभे राहण्याचेही काम उरले नाही. मी तिला म्हणालो, "आता तुला माझी गरज नाही."

ती हसली. "असं कसं, सर? काही अडलं तर मी खाली येऊन विचारीनच की. तुम्ही भांडारात कधीपासून बसणार? एक तारखेपासून की पंधरा?"

भांडार म्हणजे तळघर. तेथे झाडू, फायली, बल्ब, हातमोजे आणि मोडक्या खुर्च्या असतात.

"कोण म्हणालं?" मी विचारले.

"आमचे सर. म्हणाले, विभाग बंद झाला की तुम्हाला भांडारात मोठी जागा मिळतेय, आणि ह्या खोलीत आमची कपाटं येणार, म्हणून हौद काढायचाय..." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "सर, तुम्हाला माहितीये ना?"

"अर्थातच," मी म्हणालो. "तारीख तेवढी ठरायची आहे."

तिने काच उचलली, फडक्याने पुसली आणि पुन्हा ठेवली. काच आधीच स्वच्छ होती.

मी लाल दिवा लावून खोलीत बसलो. आत गहन असे काही चालले नव्हते.

बुधवार, २५ फेब्रुवारी

नोंद करण्याजोगे काही नाही. चहाच्या वेळी दारावर टकटक झाली. दिवा लाल होता. तो परत गेला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज दिवा लावला नाही. महर्षी चहा घेऊन आला आणि तो नेहमीच्या स्टुलावर बसण्याआधीच मी म्हणालो, "टाचणी म्हणते, मी भांडारात चाललोय."

तो उभाच राहिला. "तिला कुणी सांगितलं?"

"तू."

त्याने कप टेबलावर ठेवले. "मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"प्रात्यक्षिक झालं की."

"म्हणजे यंत्र पुरं झालं की."

तो खाली बसला. "ऐक. संचालकांनी डिसेंबरातच सांगितलं होतं, एक काहीतरी बंद करायचंय. एक तर संध्याकाळचं वाचनालय, नाही तर तुझा विभाग. मला विचारलं. काय सांगायला हवं होतं मी? वाचनालयात माणसं येतात, राजे. ज्यांच्या घरी बसून वाचायला कोपरा नाही अशी. तुझ्याकडे कोण येतं?"

"तू येतोस."

खरे तर मला येथे काही सुभाषितवजा योजायचे होते, पण तोंडून तेवढेच गेले.

"तुझी नोकरी राहिलीय," तो म्हणाला. "ते तुला घरीच पाठवणार होते. भांडाराचं मी काढलं. मी भांडलोय त्यासाठी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हे यंत्र केलं असतंस?"

प्रश्न न्याय्य होता, म्हणून अधिक राग आला. मी दिवसभर त्याचे उत्तर शोधतो आहे. नसते केले. कदाचित केले असते. वर्तमानपत्रांचा भुगा खरोखरच होतो आहे, आणि ते स्थान हुडकण्याचा मोह मला आवरला नसता. पण ठरविणारा मी असतो. मी आनंदाने कॅमेऱ्यास आज्ञापालन शिकवीत होतो आणि माझ्याच पाठीमागे बसून कोणी मला तेच शिकवीत होते. कप विसळणे, "वा" म्हणणे, संचालकांना सांगायला हवे म्हणणे. किती थोड्या विजेवर मी चाललो.

"तुला डिसेंबरापासून ठाऊक होतं," मी म्हणालो, "आणि तू रोज इथे बसून चहा पीत होतास."

"चहा प्यायलाच येत होतो रे," तो म्हणाला. "ते खोटं नव्हतं."

जाताना त्याने आपला कप विसळला. तो गेल्यावर मी तो पुन्हा विसळला.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

घरी सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही.

"भावोजींनी केलं ना?" गृहस्वामिनींनी वाढता वाढता विचारले.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही दोन दिवस त्यांचं नाव घेतलं नाहीत."

"आधीच कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते. माझ्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा राहिलाय म्हणालात."

मी ताटाकडे पाहिले. त्यांनी आणखी टोचले असते तर मला सोपे गेले असते, पण त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "विभागाचं राहू द्या. विभाग गेला, तो दोन वर्षांत गेलाच असता. तुम्हाला त्याचं नाही लागलेलं."

"मला कशाचेच लागलेले नाही. मी तत्त्वाचे बोलतो आहे."

"बरं, तत्त्वाचं. मग तत्त्वाने सांगते, यंत्र त्यांचं झालं तर झालं, घंटेचं बटण आपलं आहे. ते परत आणा. मघाशी गॅसवाला हाका मारून गेला."

मी म्हणालो की यंत्रातून बटण काढले तर प्रात्यक्षिक होणार नाही.

"मग?" त्या म्हणाल्या.

या "मग"वर मी पुष्कळ विचार केला. बटण काढणे ग्राम्य झाले असते. कोणासही दिसले असते. सुसंस्कृत माणसाच्या हाती याहून सूक्ष्म साधने असतात.

सोमवार, २ मार्च

प्रात्यक्षिक झाले. सविस्तर लिहितो, कारण अन्यत्र ते वेगळे लिहिले जाईल.

यंत्र आता ग्रंथालयात मांडले होते; सकाळी सर्वांच्या आधी तेथे गेलो. दोन्ही कॅमेऱ्यांतून कार्डे काढली, दोहोंचे खटके नखाने वर सरकविले आणि कार्डे पुन्हा आत बसविली. काहीही मोडले नाही, काहीही पुसले गेले नाही. ज्याने हे केले त्यास पश्चात्ताप झाला तर नखानेच तो निस्तरता येईल अशी ही कृती होती. मागच्या रांगेत जाऊन बसलो.

संचालक आले, विश्वस्त आले. महर्षीने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो भाषण वाचत नव्हता, बोलत होता. म्हणजे पाठ केले होते. "आमच्या ग्रंथालयाने विकसित केलेली पद्धत," तो म्हणाला. "आम्ही असा विचार केला." "आमच्या लक्षात आलं." त्याच्या त्या "आम्ही"मध्ये मी आहे की नाही हे मी प्रत्येक वेळी वाकून पाहत होतो. एका विश्वस्तांनी विचारले, हे शिकायला किती वेळ लागतो. महर्षी म्हणाला, "उत्तम यंत्राला कर्त्याची गरज उरत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य खरोखर चांगले होते.

टाचणीने कॅमेरे सुरू केले. पडद्यांवर अक्षरे उमटली नाहीत. ती क्षणभर तशीच थांबली, मग मान वळवून तिने थेट मागच्या रांगेत पाहिले. मी छताकडे पाहू लागलो. मग ती कॅमेऱ्यांपासून बाजूला होऊन आपल्या जागी उभी राहिली.

महर्षीने पान उलटले, काच ठेवली, पाय दाबला. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकदम भिंगे आत ओढून घेतली आणि पडदे काळे झाले. तालात. निदान तेवढे श्रेय मला आहे.

"हे असंच असतं का?" संचालकांनी विचारले.

टाचणीने कॅमेरे पुन्हा सुरू केले. महर्षीने पाय पुन्हा दाबला. पुन्हा तेच. त्याचे कान लाल झाले होते, तरुणपणीही व्हायचे. त्याने दालनभर पाहिले, मी सापडेपर्यंत.

"यंत्र ह्यांनी केलंय," तो म्हणाला. "छायाचित्र विभागाने. तांत्रिक बाजू सगळी त्यांचीच आहे. त्यांनाच विचारायला हवं."

सगळी डोकी वळली. संस्थेच्या इतिवृत्तात त्या यंत्राशी माझे नाते अधिकृतपणे जोडले गेले ते असे, या एका क्षणी. मी त्याची वाट पाहिली होती असे म्हणता येणार नाही. तो आला तेव्हा मात्र ओळखीचा वाटला.

मी बसून राहू शकत होतो. तसाच बेत होता. पण संचालक घड्याळ पाहू लागले होते, आणि न चालणाऱ्या यंत्राचा कर्ता म्हणून कीर्ती मिळविण्याची माझी तयारी नव्हती. एवढेच कारण. महर्षीच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या पानाचा कोपरा तुटून खाली पडला, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पुढे गेलो. कार्डे काढली, खटके खाली केले, कार्डे बसविली, कॅमेरे सुरू केले. "ग्रंथालय" ही अक्षरे उमटली. "दाबा," मी म्हणालो. त्याने दाबले. "सोडा." त्याने सोडले. एकच खट असा आवाज झाला.

"वा," संचालक म्हणाले.

"किरकोळ होतं," महर्षी विश्वस्तांकडे वळून म्हणाला. "आम्ही म्हटलंच होतं, पहिल्यांदा सुरू व्हायला जरा वेळ लागतो."

अशा प्रकारे मी त्या "आम्ही"तून बाहेर पडलो, यंत्राचा एकमेव कर्ता झालो आणि पुन्हा कोठेही नव्हतो, हे सर्व एका विश्वस्ताचा चष्मा पुसून होईपर्यंत.

गर्दी पांगल्यावर तो जवळ आला. "राजे, वाचवलंस."

"आपण कार्डाचा खटका जपावा," मी म्हणालो. "तो नखानेही सरकतो."

मी त्याला "आपण" म्हटल्याची ही पहिलीच वेळ. त्याने माझ्या हाताकडे पाहिले, मग कॅमेऱ्यांकडे, मग पुन्हा हाताकडे. त्याला काही म्हणायचे असावे. टाचणीने त्याच वेळी कोणाला तरी चहाचे विचारले आणि आम्ही दोघेही नको म्हणालो.

सोमवार, ९ मार्च

अंधारखोली सोडली. सामान फार निघाले नाही. फिल्मवरून मोठी चित्रे उतरविण्याचे विस्तारयंत्र जड असल्याने तेथेच राहिले. त्यावर आता कपाटाची फळी टेकवली आहे असे ऐकतो. लाल दिव्याची तार कापताना वीजतंत्र्याने विचारले, "हा कशासाठी होता?" मी म्हणालो, आत कोणी यावे की येऊ नये ते ठरविण्यासाठी. तो म्हणाला, "चालत होता का?" मी म्हणालो, एका माणसापुरता चालत नव्हता, शेवटी एकदा चालला.

गुरुवार, १९ मार्च

तळघराधिपती, संमार्जनीसंग्राहक, विद्युद्गोलकवितरक इत्यादी.

वरून टाचणी दररोज काही ना काही विचारायला येते. "सर विचारतायत, सेल किती दिवसांनी बदलायचे." "सर विचारतायत, काच कशाने पुसायची." आज म्हणाली, "सर विचारतायत, पाय दाबल्यावर चित्र निघतं की सोडल्यावर."

"हे त्यांना मी चहा पिताना समजावले होते."

"मी पण सांगितलं," ती म्हणाली. "तर म्हणाले, नाही, त्यांनाच विचारून ये."

महर्षीची स्मरणशक्ती इतक्या झपाट्याने क्षीण होईल असे वाटले नव्हते. चिंतनाचे हे दुष्परिणाम असावेत. मी "सोडल्यावर" एवढेच उत्तर धाडले. त्यांना अधिक काही हवे असेल तर जिना दोन्ही दिशांनी चालतो.

वर्तमानपत्रांचा पहिला खंड पुरा झाला म्हणे. चित्रे स्पष्ट आहेत. उजवी पानेही.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळतो. भांडारातील माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. पुठ्ठ्याची घडी घातली तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुरुस्तीसाठी कार्यालयाकडे अर्ज केला. उत्तर आले की नादुरुस्त वस्तूचे अधिकृत छायाचित्र सोबत हवे. फोनवरचे चालत नाही, विभागाचा शिक्का लागतो. विभाग बंद झाला असून शिक्का ग्रंथालयाकडे वर्ग झाला आहे. ग्रंथालयाकडे छायाचित्र घेण्याचे साधन म्हणजे माझे यंत्र, आणि त्यात तीच वस्तू मावते जी मधोमध उघडते आणि काचेखाली सपाट होते. टेबल उघडत नाही. वरून निरोप आला की टेबल घेऊन यावे, काही करता येते का पाहू. मी आणि भांडाराच्या हमालाने मिळून ते आडवे, उभे आणि तिरके करून पाहिले. ते दारातून निघत नाही. मग आत आले कसे, ते हमालालाही ठाऊक नाही. तूर्त लिहिताना डावा कोपर टेकला की टेबल उजवीकडे कलते, पेन घरंगळत जाऊन कपाटाखाली शिरते, आणि ते कपाट भिंतीत ठोकलेले आहे.